पहिला घोट इद्रिसचा

"आणि हे पाणी बंद करायचं झालं तर?" पाहुण्यानं विचारलं. "म्हणजे, तिथं न जाता?"

अस्मिताचा पाना नटावरच थांबला. वॉटरफोर्डच्या धक्क्यालगतच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आजवर किती पाहुणे येऊन गेले होते. चर्चच्या बायका आल्या होत्या, शाळेची पोरं आली होती, एकदा तर महापौर गळ्यात पदाची साखळी घालून आले होते. सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा, एवढ्याशा यंत्राचं पाणी किती लोकांना पुरतं? पाणी बंद कसं करायचं, हे विचारणारा हा पहिलाच.

"बंद कशाला करायचं?" तिनं विचारलं.

"पाइप फुटला तर. पाणी वाया जाऊ नये म्हणून." तो गोड हसला. नाव त्यानं हॅरिस असं सांगितलं होतं. अंगात साधा स्वेटर होता, पण बूट मात्र कोणीतरी तपासणीला येणार असल्यासारखे चकचकीत. फिंटननं, म्हणजे संस्थेच्या प्रमुखानं, त्याच्यापुढे चहा आणि लोणी लावलेला ब्ला ठेवला होता. वॉटरफोर्डला आलेल्या माणसाला हा मऊ पाव खाल्ल्याशिवाय सुटका नाही. हॅरिसनं अजून तो तोंडाला लावला नव्हता.

अस्मिताच्या मनात पाल चुकचुकली. तशी ती वरचेवर चुकचुकायचीच. दुधावरची तारीख लांबची असली, तरी वास घेतल्याशिवाय ते तिच्या चहात पडायचं नाही. घराला कुलूप लावून गाडीपर्यंत गेली, की परत येऊन एकदा कुलूप ओढून बघायची. तिचा नवरा मुकुल एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासायचा. तो म्हणायचा, "कंपनीनं चुकीचा माणूस घेतला. तुला घ्यायला हवं होतं." पण या संशयी स्वभावावरच तर तिचं पोट चाललं होतं. लढाई होऊन गेलेल्या गावांत नदीचं गढूळ पाणी पिण्याजोगं करणारी यंत्रं ही संस्था बनवायची, आणि अस्मितानं स्वतः पाणी चाखल्याशिवाय एकही यंत्र शेडबाहेर पडायचं नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. इद्रिस, तिकडच्या गावात तिचं यंत्र सांभाळणारा. ही रोजचीच वेळ. तिनं फोन बाकावर टेकवून उभा केला.

"ताई, गुड मॉर्निंग! जेवण झालं का?" पडद्यावर इद्रिसचा हसरा, धुळीनं माखलेला चेहरा आला. त्याच्या देशाचं नाव बातम्यांत येऊन येऊन गुळगुळीत झालं होतं. लढाईच्या आधी तो पुण्यात इंजिनिअरिंग शिकला, कोंढव्यात राहिला, आणि खाणावळीच्या मावशींकडून मराठी उचलून घेऊन गेला. सकाळी सकाळी जेवण झालं का विचारू नये, हे मावशींनी त्याला सांगितलं नसावं.

"झालं रे बाबा. तुझं पाणी कसं आहे?"

"फर्स्ट क्लास. देखो."

त्यानं फोन फिरवला. नळकोंडाळ्यापुढे डबे, बादल्या, कॅन घेऊन माणसांची रांग लागली होती. पण कोणी पाणी भरत नव्हतं. इद्रिसनं काचेचा पेला नळाखाली धरला, सगळ्यांना दिसेल असा वर केला, त्यांच्या भाषेत चार शब्द बोलला आणि घटाघट प्यायला. मग रांग हलली. लढाईत एकदा त्या गावच्या विहिरीत कोणीतरी काहीतरी कालवलं होतं. तेव्हापासून दुसऱ्यानं आधी प्यायल्याशिवाय तिथं कोणी पाण्याला तोंड लावत नसे. त्याच्या त्या चार शब्दांतला एकच अस्मिताला कळायचा, तो म्हणजे आयर्लंड. हे पाणी आयर्लंडच्या साध्या माणसांचं आहे, यामागे कुठलंही लष्कर नाही, असं तो रोज सांगायचा. अस्मितानंच त्याला तसा शब्द दिला होता, आणि त्या शब्दावर तो रोज स्वतःची मान ठेवत होता.

बोलणं संपवून तिनं मागे पाहिलं. हॅरिस जागेवर नव्हता. फोनच्या कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं तो खांबाआड जाऊन उभा राहिला होता.

"तुमचा माणूस छान आहे," तो खांबामागून म्हणाला.

तो गेल्यावर अस्मितानं फिंटनला गाठलं. "कोण आहे हा युवर मॅन?" इथं कुठल्याही परक्या माणसाला युवर मॅनच म्हणतात.

"हॅरिस? ग्रँड माणूस आहे. आपल्या नव्या निधीवाल्यांचा."

"कुठल्या निधीवाल्यांचा?"

फिंटन खिडकीबाहेर शूर नावाच्या नदीकडे बघत राहिला. तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता, पण खरं बोलायला त्याला नेहमी जरा उशीर व्हायचा. "मोठ्या देशाचे आहेत," तो शेवटी म्हणाला. "परराष्ट्र खात्याचे. पण सिव्हिलियन, अस्मिता, सगळे सिव्हिलियन. लढाईनंतर गावं उभी करायची, शाळा, दवाखाने, पाणी. फक्त त्यांच्या खात्याकडे पैसा नाही आणि संरक्षण खात्याकडे भरपूर आहे. म्हणून तिकडचा इकडे वळवून घेतात. कायद्यानं, उघडपणे."

"म्हणजे पैसा लष्कराचा."

"आणि काम आपलं. चर्चमध्ये कॉफी विकून जमलेल्या पैशांवर यंत्रं बनत नाहीत आता. सरकारी मदतही आटली."

"उघडपणे म्हणतोस, मग मला कसं माहीत नाही?"

"तू विचारलं नाहीस," फिंटन म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, म्हणून तो अस्मिताला जास्तच लागला. दुधाचा वास घेणारी बाई, आणि संस्थेत पैसा कुठून येतो ते विचारायची राहिली होती.

नव्या यंत्राचं काम तेव्हा शेवटाला आलं होतं. हे जुन्यापेक्षा मोठं. गाव नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं, आणि लढाईत दोन काठ दोन बाजूंना गेलेले. या एका यंत्रातून दोन्ही काठांच्या नळकोंडाळ्यांना पाणी मिळणार होतं. हॅरिसला त्या दोन पाइपांवर दोन झडपा हव्या होत्या, प्रत्येक काठ वेगळा बंद करता येईल अशा. आणि त्यांची कळ गावात राहणार नव्हती. ती हॅरिसच्या लोकांच्या कार्यालयात, दूर राजधानीत असणार होती. पाइप फुटला तर, म्हणे. फुटलेला पाइप बंद करायला इद्रिस चार ढांगांवर उभा होता, त्याला राजधानीची कळ कशाला? कुठंतरी पाणी मुरत होतं.

घरी प्रकाशराव खिडकीशी बसून बाहेरची रिमझिम बघत होते. अस्मिताचे वडील. थंडीआधी लेकीकडे चार दिवस राहावं म्हणून आलेले. "हा काय पाऊस आहे?" ते म्हणाले. "पडत नाही, थांबत नाही. नुसती चौकशी करून जातो."

अस्मितानं त्यांना सगळं सांगितलं. प्रकाशरावांची उभी हयात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली होती. ते ऐकत ऐकत ताठ होत गेले.

"लष्कराचा पैसा म्हणजे विटाळ झाला का गं? तुझं इंजिनिअरिंग कशावर झालं? माझ्या हातच्या काडतुसांवर. खाल्ल्या मिठाला नावं ठेवू नयेत."

"पैशाचं नाही हो, बाबा. तो इद्रिस रोज लोकांना सांगतो, मागे लष्कर नाही म्हणून. मी सांगितलं म्हणून सांगतो."

"आणि लोकांना कळलं तर?"

"तिथं अगदी क्षुल्लक गोष्टींवरूनही माणसं मारतात."

प्रकाशरावांनी उठून प्रेसमधून चहाचा डबा काढला. कपाटाला प्रेस म्हणायला ते आठवड्यात शिकले होते. "मग ही वेगळी गोष्ट झाली," एवढंच म्हणाले.

अस्मिताच्या डोक्यात मात्र एक बेत शिजत होता. कॅलेंडर तिनं आधीच बघून ठेवलं होतं. झडपा ज्या दिवशी शेडमध्ये पोचायच्या होत्या, ती खंडेनवमी होती, आणि दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ट्रक येऊन यंत्र घेऊन जाणार होता. शेडमध्ये ती दरवर्षी खंडेनवमी करायची. सगळे पाने, पकडी, करवती बाकावर मांडायच्या, कुंकू आणि फुलं वाहायची, यंत्राला हार घालायचा, आणि मग दसरा उजाडेपर्यंत कोणी हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूंना एक दिवस विसावा. आयरिश कामगारांना ही कल्पना इतकी आवडली होती, की ते स्वतःहून पाने घासूनपुसून आणायचे.

त्या दिवशी प्रकाशरावांनी बागवाल्याच्या दुकानातून झेंडूच्या कुंड्याच आणल्या आणि मन घट्ट करून सगळी फुलं खुडली. नारळ एशियन शॉपमधला, आतून निम्मा सुकलेला. पूजा झाली. तेवढ्यात हॅरिस स्वतः झडपांची पेटी घेऊन हजर झाला.

"आज नाही," फिंटननं त्याला दारातच सांगितलं. "आज इथं हत्यारं विश्रांती घेतात. अस्मिताकडची पद्धत आहे, आम्ही सगळे पाळतो."

हॅरिस चिडला नाही. त्यानं बूट काढले, पुढे येऊन प्रकाशरावांपुढे दोन्ही हात धरले आणि खोबऱ्याचा तुकडा घेतला. ब्ला न खाणाऱ्या या माणसानं प्रसाद मात्र लगेच तोंडात टाकला. "पूजेचा मान राखायलाच हवा," तो म्हणाला. "काही हरकत नाही. पुढचं आम्ही बघून घेऊ."

एरवी शब्दाशब्दाला हुंगणाऱ्या अस्मितानं हे वाक्य न हुंगताच गिळलं. सुंठीवाचून खोकला गेला, या आनंदात ती होती. सकाळी झेंडूच्या हारासकट यंत्र निघून गेलं, झडपांशिवाय. कोणाशी भांडावं लागलं नाही, कोणाला काही सांगावं लागलं नाही.

आनंद झाला नव्हता तो प्रकाशरावांना. पूजेच्या दिवशी परतताना गाडीत, घर जवळ आल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे खंडेनवमीला मशिनं थांबायची, ती मशिनांच्या मानासाठी. काम टाळायला नव्हे. तू आज देवीच्या पदराआड लपलीस."

"बाबा, दुसरा काय मार्ग होता?"

"त्या पोराला फोन करायचा. नाहीतर ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं."

"कळलं तर तो काम सोडेल. तो आधी प्यायला नाही तर कोणीच पिणार नाही. परत नदीचं पाणी, परत पोरांना हगवण."

"सोडेल किंवा नाही सोडणार, ते त्याचं तो बघेल." त्यांचा आवाज चढला होता. "अगं, आम्ही दारूगोळा करायचो, पण कारखान्याच्या फाटकावर तशी पाटी होती. फाटकाशी माणूस उभा करून, आत लाडू वळतात असं कधी सांगितलं नाही. मान त्याची आहे ना? मग ती कशावर ठेवलीय ते त्याला कळू दे."

अस्मिताला हे पटलं, आणि तरी तिनं ते केलं नाही. रोज सकाळी इद्रिसचा फोन यायचा. नव्या यंत्राचं कौतुक व्हायचं, सुकलेला झेंडूचा हार त्यानं तसाच ठेवला होता, तो दाखवायचा. वाक्य तिच्या ओठांवर यायचं. मग तो पेला वर करायचा, आयर्लंड म्हणायचा, प्यायचा, लहान मुलं कॅन घेऊन धावायची, आणि ती म्हणायची, "छान." तिला स्वतःचा राग यायचा. संशय घेणं सोपं होतं, त्यात सगळा दोष दुसऱ्याचा असतो.

मग एके सकाळी इद्रिसनं जेवण झालं का विचारलं नाही.

"ताई, ये अपना है क्या?" त्यानं फोन यंत्राजवळ नेला. दोन्ही पाइपांवर दोन करड्या पेट्या बसल्या होत्या, त्यांवर अँटेनाच्या बोटभर उंचीच्या काळ्या काड्या. "काल माणसं आली. सिव्हिल कपडे. बोलले, आयर्लंडकडून आलो. एक तास में बसवून गेले. मी बोललो, ताई नाही बोलली मला. बोलले, ताईला माहीत आहे."

झेंडूचा हार काढून बाजूला टाकलेला दिसत होता. हॅरिसचे शब्द अस्मिताला आता ऐकू आले, खोबरं चघळत म्हटलेले. पुढचं आम्ही बघून घेऊ.

"आज सकाळी पल्याडच्या काठाचं पाणी बंद," इद्रिस म्हणाला. "पाइप ठीक आहे, मी चेक केला. थोड्या वेळानं परत चालू. आपोआप. तिकडचे लोक विचारतात, कोणी बंद केलं? मी काय बोलू?"

समोर बाकापलीकडे फिंटन उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण फोनवरच्या त्या करड्या पेट्या त्यानं ओळखल्या होत्या. तो हळूच मान हलवत होता. नको. आत्ता नको. त्यात तो शेडचाही विचार करत होता, कामगारांचाही, आणि खरं सांगायचं तर अस्मिताच्या नोकरीचाही.

इद्रिसच्या मागे रांग वाट बघत होती. आज ती जवळ सरकून आली होती, आणि माणसं पाण्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

"इद्रिस," अस्मिता म्हणाली, "ते आपलं नाही."

"मग कोणाचं?"

"ज्यांचा पैसा आहे, त्यांचं. पैसा लष्कराचा आहे. माणसं सिव्हिलियन, पण पैसा लष्कराचा. जुनं यंत्र आपलं होतं, तेव्हा मी बोलले ते खरं होतं. नंतर बदललं. मला कळलं, आणि मी तुला सांगितलं नाही."

फिंटन स्टुलावर बसला. त्यानं चेहरा दोन्ही हातांत घेतला.

पडद्यावरचा चेहरा हलेना. अस्मिताला वाटलं, फोन अडकला. मग इद्रिसनं डोळे मिटून उघडले. "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"यंत्र निघायच्या आधीपासून."

"म्हणजे हार घातला, तेव्हा माहीत."

"हो."

"ताई," तो म्हणाला, आणि पुढचं काही त्याला मराठीत सापडलं नाही, की सापडून त्यानं म्हटलं नाही, कोण जाणे. त्यानं फोन यंत्राच्या कडेवर टेकवून उभा केला. फोन बंद करायचं विसरला, असं अस्मिताला आधी वाटलं. नंतर वाटलं, विसरला नसावा.

तो नळाशी गेला. पेला भरला, रोजच्यासारखा वर धरला आणि बोलू लागला. आज चार शब्द नव्हते, आज तो बराच वेळ बोलला. अस्मिता एका शब्दासाठी कान देऊन होती. आयर्लंड हा शब्द आला नाही. बोलता बोलता त्यानं हातानं त्या करड्या पेट्या दाखवल्या, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिनं जे त्याला इतके दिवस सांगितलं नव्हतं, ते तो गावाला सांगत होता.

गलका उठला. एका तरण्या माणसानं पुढे येऊन इद्रिसला खांद्याला धरून ढकललं. त्याच्या पेल्यातलं अर्धं पाणी सांडलं. इद्रिसनं हात उचलला नाही. दोघंतिघं रिकामे कॅन घेऊन तरातरा निघून गेले, एक जण जाता जाता थुंकला. उरलेले उभेच होते. त्यांना कुठं जायचं होतं? नदी गढूळच होती.

इद्रिसनं पेल्यात उरलेल्या पाण्याकडे पाहिलं आणि ते पिऊन टाकलं. वर न धरता, कोणाला न दाखवता, तहान लागलेला माणूस पितो तसं. मग कमरेची यंत्राच्या किल्ल्यांची जुडी सोडून त्यानं चाकावर अडकवली. फोनच्या इतक्या जवळ, की क्षणभर पडदाभर किल्ल्याच दिसल्या.

"अस्मिता, फोन ठेव," फिंटन मागून म्हणाला. "प्लीज."

तिनं ठेवला नाही. तेवढं तरी बघणं तिला भाग होतं.

रांगेत पहिली एक म्हातारी होती. ती बराच वेळ नळाकडे बघत राहिली, मग इद्रिसकडे, आणि मग वाकून तिनं आपला डबा नळाखाली धरला. तिच्यामागची बाई पुढे झाली. इद्रिस यंत्रामागे गेला, एक निळा कॅन घेऊन बाहेर आला, आणि रांगेच्या कडेकडेनं चालत अगदी टोकाला जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढच्या माणसानं वळून पाहिलं आणि थोडं अंतर सोडलं.

म्हातारीचा डबा भरला. रांग पुढे सरकली, तसा इद्रिसही कॅन उचलून एक पाऊल पुढे सरकला.